आत्तीचं मत

आमच्या घरात राजकारण जेवताना व्हायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून, हातपाय धुऊन ते पानावर बसले की पहिलं वाक्य बहुधा मालकाबद्दल असायचं आणि दुसरं सरकारबद्दल. ऐकायला आम्ही तिघी. आई मान डोलवायची, मी कॉलेजात जायला लागल्यापासून अधूनमधून एखादा पुस्तकी शब्द पुरवायची, आणि आत्ती भाकरी मोडता मोडता म्हणायची, "आप्पा, जेव की आधी. मालक काय पळून जात न्हाय."

आत्ती ही आप्पांची थोरली बहीण. कागलकडच्या एका खेड्यात तिला दिली होती. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, मग आप्पाच तिला मंगळवार पेठेत घेऊन आले. माझ्या जन्माच्या वेळी आईची कंबर कायमची धरली. वजन उचलायचं म्हटलं की ती पांढरी पडायची. त्यामुळं पाणी भरणं हे आत्तीचं काम होऊन बसलं. आमची घरं म्हणजे एका ओळीत सात-आठ खोल्या, सगळ्यांचा मालक एकच, आणि तो राहायला सांगलीला. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेची चावी होती. सार्वजनिक नळाला आमच्याकडं चावीच म्हणतात. सकाळी लवकर तिला पाणी यायचं, दोन-अडीच तास टिकायचं. मी उठायच्या आत आत्तीच्या खेपा झालेल्या असायच्या. ती मला चावीवर कधी पाठवत नसे. "तू शीक," म्हणायची. "घागरी वाहायला मी हाय."

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा नगरपालिकेची निवडणूक लागली. साठीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आमच्या वॉर्डात दोन तगडे उमेदवार उभे होते. एक वकील आणि एक गुळाचे अडते.

वकील हे आप्पांचं दैवत. कारखान्यातल्या माणसांना एकदा कामावरून काढलं होतं तेव्हा त्यांनी कुणाकडून काही न घेता खटला चालवला होता आणि माणसं परत कामावर घ्यायला लावली होती. खादीचा सदरा, जाड काचेचा चष्मा, बोलणं हळू आणि मुद्देसूद. अडत्यांची शाहूपुरीत गुळाची पेढी आणि आमच्याच पेठेत दुमजली घर. पांढरीशुभ्र टोपी, मोठा आवाज, पेठेतल्या तालमीच्या पोरांचा पाठिंबा. तालमीच्या हौदात माती टाकायची असो की मोहरमचा पंजा बसवायचा असो, अडत्यांचा हात सैल असायचा.

आणि या अडत्यांनी कोपऱ्यावरच्या सभेत, कर्ण्यातून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं सांगितलं: "निवडून आलो की पहिल्यांदा या चाव्या बंद करणार! पाणी वाया जातंय, चिखल होतोय, आयाबहिणी एकमेकींच्या झिंज्या उपटत्यात. आपल्याला घरोघरी नळ पायजे!"

आप्पा त्या रात्री जेवताना हसले. त्यांना वाटलं, अडत्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. "अगं, घरोघरी नळ कुणाला?" ते आम्हाला समजावून सांगायला लागले. "ज्याचं घर त्याला. आपण भाडेकरू. मालकानं सही दिल्याशिवाय जोडणी मिळत न्हाय, आणि तो सांगलीचा बाबा सही देणार व्हय? दोन वर्षं कौल बदलून मागतोय आपण. म्हणजे चावी जाणार आणि नळ काय येणार न्हाय. वकीलसाहेब म्हणत्यात, आहे ती चावी राहू द्या, आणखी एक बसवा, आणि पाणी तासभर जास्त सोडा. बोला, आपलं हित कशात हाय?"

मी लगेच म्हटलं, "वकिलांच्यात." मला एकवीस पूर्ण नव्हती, मत नव्हतं, पण मत असल्यासारखी मी बोलत होते.

आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

आत्तीनं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं आणि तिथूनच म्हणाली, "माझं मत अडत्याला."

आप्पांचा घास हातातच राहिला. "आक्का, तू पाणी भरतीस. तुझीच चावी बंद करणार हाय तो."

"ऐकलं की मी. भैरी न्हाय."

पुढं महिनाभर हा विषय घरातून हलला नाही. आप्पांनी सगळे उपाय केले. समजावलं, चिडले, दोन दिवस अबोला धरला. मी कॉलेजच्या दोन मैत्रिणींना घेऊन वकिलांचा प्रचार करत होते. दारोदार जाऊन, नव्यानं शिकलेल्या अर्थशास्त्राच्या भाषेत, बायकांना त्यांचं हित समजावून सांगत होते. बायका ऐकून घ्यायच्या. "व्हय बाई, बरोबर हाय तुमचं," म्हणायच्या. माझ्या घरातली एक बाई मात्र "बरोबर हाय" म्हणायलाही तयार नव्हती.

मग दोघेही उमेदवार आमच्या दारात येऊन गेले.

वकील आधी आले. सोबत चार-पाच माणसं, त्यात आप्पा. आत्तीनं घोंगडं अंथरलं. "बसा की पावणं," म्हणाली आणि तांब्याभांडं घेऊन पुढं आली. वकिलांनी हात जोडले. "नको आई. तुम्ही किती कष्टानं पाणी आणता ते मला माहीत आहे. आमच्या इतक्या माणसांना पाजत बसलात तर तुमची एक खेप वाढेल." मला ते ऐकून भरून आलं. इतका बारीक विचार कोण करतं? आत्तीनं तांब्या तसाच कोनाड्यात ठेवला. वकील चावीबद्दल बोलले, दाबाबद्दल बोलले, टाकी कुठं व्हायला हवी ते बोलले. आत्ती भिंतीला टेकून उभी होती. ते गेल्यावर एवढंच म्हणाली, "भला माणूस हाय. पण आपल्या घरचं पाणी न्हाय प्याला."

"तुझ्यासाठीच न्हाय प्याले ते," मी म्हटलं.

"कळलं मला. तरी बी."

दोन दिवसांनी अडते आले. त्यांचं येणं म्हणजे वाजतगाजत. गल्लीत पोरांची ही गर्दी. उंबऱ्याबाहेरूनच ओरडले, "आक्का, घसा पार वाळून गेलाय, पाणी द्या बघू आधी!" आणि दारातल्या दगडावर बसकण मारली. गटागटा तांब्या संपवला. मिशा पुसत म्हणाले, "बास. मताचं तुम्ही बघा." उठले आणि समोरच्या घरात गेले.

समोरचं घर कल्हईवाल्याचं. मुसलमान कुटुंब, तीन पिढ्या त्याच जागेत, घर स्वतःचं. त्याच्या बायकोला सगळी गल्ली भाभी म्हणायची. ती पन्नाशीची, अंगानं थोराड, हसली की सगळं अंग हलायचं. तिची आणि आत्तीची जुनी मैत्री, ती कशी जमली ते मला कधी कळलं नव्हतं. अडत्यांनी तिच्याही दारात पाणी मागितलं. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या उंबऱ्यातून बघत असताना, भाभीच्या हातचा तांब्या घेऊन ते पाणी प्याले.

मी आत्तीला म्हटलं, "नाटक हाय सगळं. मतासाठी पितोय पाणी."

आत्ती माझ्याकडं वळली. "आसंल नाटक. नाटक करायला बी दारात यायला लागतंय की."

मी वाद घालत राहिले. हित, फायदा, नुकसान, असलं काय काय. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, "उद्या घट बसायचं हाईत. सकाळी माझ्यासंगं चावीवर चल. तुझं ते हित कसं भरत्यात, ते बघ तरी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिनं मला उठवलं. नवरात्राचा पहिला दिवस. चावीवर आधीच पंधरा-वीस बायका होत्या. घागरी, कळश्या, डबे, सगळे रांगेत मांडलेले. आत्तीची घागर पुढून तिसरी होती. ती आदल्या रात्रीच नेऊन ठेवत असे, तशी पद्धत होती. पाणी आलं. पहिली घागर भरली, दुसरी भरली. आत्ती पुढं झाली, तशी मागून एक बाई म्हणाली, अगदी गोड आवाजात म्हणाली, "आक्का, तुम्ही जरा मागनं भरा हं आज. घटाचं पाणी हाय."

कुणी भांडलं नाही, कुणी हाकललं नाही. आत्तीनं आपली घागर उचलली आणि चालत रांगेच्या शेवटाला गेली. तिच्या चालण्यावरून कळत होतं की ही वाट तिच्या पायाखालची आहे. सवाष्णींचं पाणी आधी, मग हिचं. संक्रांतीला तसंच, वटपौर्णिमेला तसंच, कुणाच्या घरी हळदकुंकू असलं की तसंच.

रांगेच्या टोकाला भाभी होती. तिथं ती रोजच असायची. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या आणि घागरी जमिनीवर ठेवून गप्पा मारायला लागल्या. एवढ्या वर्षांच्या मैत्रीचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. रांगेच्या शेवटी उभं राहून राहून ती झाली होती. मधेच एक बाई घरी तान्हं पोर रडतंय म्हणून पळाली आणि आपली पाळी भाभीला देऊन गेली, म्हणून पाणी बारीक व्हायच्या आत भाभीला एक कळशी भरून घेता आली. लगेच पुढच्या बाईनं ओंजळीनं पाणी घेऊन तोटी खळाखळा धुतली आणि मग आपली घागर लावली. याच बायकांच्या पातेल्यांना भाभीचा नवरा कल्हई लावायचा, आणि त्याच्या हातून ती पातेली थेट त्यांच्या चुलीवर जायची. तोटी मात्र धुवायला लागायची. धुताना त्या बाईच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. चावीवर आल्यावर करायचं ते एक काम, इतकंच.

आमची पाळी आली तेव्हा करंगळीएवढी धार उरली होती. घरी परत येताना आत्तीच्या डोक्यावर एक घागर आणि कमरेला दुसरी. मला तिनं फक्त कळशी दिली होती.

रात्री मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यात कधी चावीवर पाणी भरलं नव्हतं. गल्लीतल्या कुठल्याच पुरुषानं भरलं नव्हतं, आणि वकिलांनी तर नक्कीच नाही. मग ते म्हणाले, आणि तेही काही खोटं नव्हतं, "आक्का, पण हे त्या बायकांचं चुकलं. त्यांना शिकवायला पायजे. चावी कशाला बंद करायची त्यासाठी? माणसं सुधारायची का नळ?"

"माणसं सुधरंस्तवर मी म्हातारी हुईन," आत्ती म्हणाली. "घरात नळ आला की कुणाच्या मागं न्हाय आणि कुणाच्या पुढं न्हाय. तोटी सोडली की पाणी."

"पण नळ येणारच न्हाय आपल्या घरात!"

"आला तर?"

आप्पा ताट सरकवून हात धुवायला उठले. माझ्या पुस्तकात असलं "आला तर" कुठंच नव्हतं.

अडते निवडून आले. गुलाल आमच्या दारापर्यंत उधळला. आप्पा दोन दिवस कारखान्यातून उशिरा घरी आले. आणि मग, आप्पा म्हणाले होते अगदी तसंच घडत गेलं. वर्षभरात चावी बंद झाली. नगरपालिकेची माणसं येऊन पाइप कापून, वर सिमेंट थापून गेली. ज्यांची घरं स्वतःची होती त्यांच्या भिंतीतून नळ आले. आमच्या ओळीतल्या एकाही खोलीत आला नाही. आप्पा सांगलीला तीनदा जाऊन आले. मालक म्हणाला, आज नळ मागाल, उद्या घर मागाल.

आता गल्लीला पाणी कुठून? दोन-तीन घरांत नळ होते. त्यातल्या एका कारकुनानं तोटीला कुलूप घातलं. दुसऱ्यानं, "आमच्याच माणसांना पुरत न्हाय," म्हणून सांगितलं. उरलं कल्हईवाल्याचं घर. भाभीनं हातातल्या पाटल्या मोडून जोडणी घेतली होती, आणि नळ घरात न घेता पुढच्या अंगणात काढला होता. तिनं पहिल्याच दिवशी आत्तीला हाक मारली. "आक्का, या. आता रांग न्हाय, काय न्हाय."

पण रांग लागलीच. पहिले काही दिवस गल्लीतल्या बायका लांबच्या आडावरून पाणी आणत होत्या. मग कुणी म्हणालं, धुण्याभांड्यापुरतं घ्यायला काय हरकत आहे. मग आडाला वास यायला लागला आणि प्यायचंही तिथूनच सुरू झालं. एका सकाळी मी कॉलेजला निघताना आत्तीबरोबर अंगणात उभी होते. चावीवर तोटी धुणारी ती बाई घागर घेऊन आली. भाभी नळापाशी बसली होती. तिनं हात पुढं करून त्या बाईला थांबवलं. "जरा थांबा हं वैनी. धुऊन देते. तुमाला धुतलेली लागती न्हवं?" आणि ओंजळीनं पाणी घेऊन तिनं आपल्याच नळाची तोटी सावकाश, चारी बाजूंनी धुतली.

त्या बाईचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. भाभी मात्र पाटावर हलून हलून हसायला लागली. "अगं आण हिकडं घागर. मस्करी केली." आणि स्वतःच्या हातानं तिची घागर भरून दिली. ती बाई पुढं कितीतरी वर्षं तिथून पाणी नेत होती. भाभीची मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा पहिल्या दिवशीचा डिंकाचा लाडू तिच्याच घरून आला.

मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा म्हटलं, बघा, काहीतरी बदललं. ते म्हणाले, "बदललं. पण तुझी आत्ती अजून घागरीच वाहती." दोन्ही खरं होतं. एक खरं मानलं म्हणून दुसरं खोटं ठरत नव्हतं.

मधली बरीच वर्षं निवडणूक झालीच नाही. नगरपालिकेची महापालिका झाली, प्रशासक आले. माझं लग्न होऊन मी कसबा बावड्याला गेले. नवरा तिथल्या साखर कारखान्यात हिशेबनीस, आणि मी एका शाळेत शिक्षिका. वकील वारले. आप्पांचे केस पांढरे झाले. सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा महापालिकेची निवडणूक लागली आणि अडते पुन्हा उभे राहिले. त्यांच्यासमोर या वेळी एक तरुण होता, तालमीतच वाढलेला. आप्पांना तो काही फारसा पसंत नव्हता. पण तो चाव्या पुन्हा सुरू करू म्हणत होता, आणि आप्पांना तेवढं पुरेसं होतं.

मी माहेरी गेले होते तेव्हाचं बोलणं. आत्तीचे गुडघे धरले होते. भाभीच्या अंगणातून घागर आणताना ती दोनदा टेकायची.

"आक्का, इतकी वर्षं दुसऱ्याच्या दारातनं पाणी वाहिलंस," आप्पा म्हणाले. "आता तरी उघडलं का डोळं?"

"उघडंच हाईत माझं डोळं."

"मग?"

"मग काय मग? त्यालाच."

आप्पा उठून बाहेर गेले. मी आत्तीजवळ बसले. या वेळी मला तिला समजवायचं नव्हतं, विचारायचं होतं. चावीवरचा तो अपमान आता राहिला नव्हता. मग का?

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "चावी बंद करतो म्हणाला, केली. सांगितलं ते केलं. मालकानं सही दिली न्हाय त्यात त्याचा काय दोष?"

"त्याला आधीच माहीत होतं की मालक सही देणार नाही."

"आसंल म्हाईत." तिनं मूठभर शेंगा पुढं ओढल्या. मग ती एकदम म्हणाली, "आणि मी आता फिरलो, तर एवढी वर्षं मी डोक्यावरनं काय वाहिलं गं? पाणी, का येडेपणा?"

मी तिच्या पुढ्यातली फोलपटं गोळा करायला लागले.

"आप्पा हसंल म्हणून न्हाय म्हणत मी. तो हसणार न्हाय, मला म्हाईत हाय. मलाच माझं कसंतरी हुईल."

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तेव्हा रोज चर्चा चालायची की लोक असं मत का देतात. अडाणी असतात, विकले जातात, जात बघतात, असं म्हणून आम्ही चहा प्यायचो. त्याच साली आमच्या शिक्षकांच्या पतपेढीची निवडणूक झाली. एका बाजूला बायकांना समितीवर निम्म्या जागा द्या म्हणणारं पॅनेल होतं, दुसऱ्या बाजूला जुने मुख्याध्यापक. मी जुन्यांना मत दिलं. कारण माझं पहिलं मूल गेलं तेव्हा ते मुख्याध्यापक घरी येऊन काही न बोलता तासभर बसले होते, आणि नव्या पॅनेलमधली बाई मला नावानं हाक न मारता कायम "बावड्याच्या" म्हणायची, गावंढळ म्हटल्यासारखं. मतपत्रिकेवर शिक्का मारताना मला हे सगळं आठवत होतं आणि त्या पॅनेलचं पत्रक काही केल्या आठवत नव्हतं. स्टाफरूममध्ये मी हे कुणाला सांगितलं नाही. तिथं मी मान डोलवून चहा घेतला.

मतदानाच्या दिवशी आप्पा आणि आत्ती बरोबरच गेले. आत्तीला चालवत नव्हतं म्हणून आप्पांनी सायकल बाहेर काढली, तिला कॅरिअरवर बसवलं आणि स्वतः सायकल हातात धरून चालत निघाले. मी मागून चालत होते. आत्तीचा एक हात सीटवर, एक आप्पांच्या खांद्यावर. आप्पा म्हणत होते, "तुला नेतोय खरा, पण तुझं मत माझ्या मतानं पुसून टाकणार." आत्ती म्हणत होती, "मग कशाला नेतोस? दोघं बी घरात बसलो असतो की." शाळेच्या फाटकाशी त्यांनी तिला अलगद उतरवलं, पदर चाकात अडकला नाही ना ते बघितलं आणि दोघं वेगवेगळ्या रांगांत जाऊन उभे राहिले.

या वेळी अडते पडले. चांगल्या फरकानं पडले. नवा नगरसेवक निवडून आला, पण चावी काही सुरू झाली नाही. आमच्या घरात नळ आला तो आणखी काही वर्षांनी, सांगलीचा मालक वारल्यावर त्याच्या मुलानं खोल्या भाडेकरूंना विकल्या तेव्हा. त्यात अडत्यांचा हात नव्हता आणि नव्या माणसाचाही नव्हता.

निकालानंतर आठवड्यानं आत्तीनं मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. "अडत्याकडं जाऊन येऊ," म्हणाली. "जिंकलेल्याकडं सगळी जात्यात. हरलेल्याच्या दारात कोण जात न्हाय. जाऊन याय पायजे." ठेवणीतलं हिरवट लुगडं नेसली होती. आम्ही रिक्षानं शाहूपुरीत गेलो.

पेढीवर गुळाचा गोड, उग्र वास भरून राहिला होता. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या, हमालांची ये-जा. अडते आत गादीवर बसले होते. थकले होते, टोपीखालचे केस विरळ झाले होते. दोन व्यापारी समोर बसले होते. आम्ही दाराशी उभ्या राहिलो. त्यांनी वर बघितलं.

"काय काम होतं?"

"काम न्हाय," आत्ती म्हणाली. "भेटाय आलो."

"कुठल्या आपण?"

"मंगळवार पेठ. ते कल्हईवाल्याच्या समोर."

ते क्षणभर आठवत राहिले. उद्धटपणा त्यांच्या चेहऱ्यावर बिलकूल नव्हता. खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते. "हां हां, ते गटारीचं काम न्हवं? आता नव्या नगरसेवकाला भेटा बाई. माझ्या हातात काय राह्यलं?"

"व्हय," आत्ती म्हणाली. तिनं हात जोडले. त्यांनीही जोडले आणि समोरच्या व्यापाऱ्याकडं वळले.

बाहेर आल्यावर मी रिक्षा बघायला लागले. आत्तीनं पदर सारखा केला. "दमल्यात बिचारं," म्हणाली. मग रस्त्याकडेच्या गाडीवर तिनं मेथीच्या दोन पेंड्या घेतल्या, नेहमीसारखी घासाघीस करून.

घरी पोचलो तेव्हा आप्पा दारात पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं. "मग? काय म्हणाला तुझा अडत्या?"

आत्तीनं मेथी माझ्या हातात दिली आणि दाराच्या चौकटीला धरून चप्पल काढली.

"काय म्हणतोय? आक्का या, बसा म्हणाला. च्या पाजला. घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. आप्पाची तब्येत कशी हाय म्हणून बी इचारलं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मेथीच्या पेंडीची गाठ सोडायला लागले. ती सुटत नव्हती. आप्पा पेपरची घडी घालून म्हणाले, "माणूस तसा वाईट न्हाय तो, आक्का."

"तेच तर म्हणतोय मी," आत्ती म्हणाली, आणि आत गेली.